एक्केचाळिसाव्या परवान्याची मोहीम

हकीकत लिहावयाचे कारण की, पुढे कोणी म्हणेल, काकूंस परवाना सहज मिळाला. तैसे जाहले नाही, सबब जे घडले ते यथास्थित लिहिले असे.

पूर्वी नगरसभेने ठराव केला की शहरात दारूचे गुत्ते एक्केचाळीस असावे, बेचाळिसावा नसावा. एक मिटेल तेव्हांच दुसरा उघडावा. मग एक्केचाळीस परवानेदार आपापल्या गादीवर अढळ बसले आणि कोणी हलेना.

ते समयी पुलापाशी खानावळवाल्या काकू आणि त्यांची धाकटी नणंद, ऐशा दोघी बहाद्दर, आठ मेजांची खानावळ राखोन होत्या. काकूंच्या हातास चव मोठी. परंतु संध्याकाळ होताच गिऱ्हाइकांची निम्मी फौज उठोन समोरील गुत्त्यात दाखल होई, कारण तेथे जेवण खारट, परंतु जेवणासंगे पेला मिळे. मग पाच मेजे ओस पडली, आणि नणंदबाईंनी नाइलाजे परगावची नोकरी पत्करली, महिनाअखेर निघावे ऐसे ठरले. चोवीस वर्षे एका चुलीशी भांडत नांदलेल्या दोघी वेगळ्या होणार, हा प्रसंग पडला.

सबब काकूंनी कंबर बांधोन परवाना कचेरीवर स्वारी केली. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, जिना अवघड, खिडकी एक. तेथील किल्लेदार कारकून याने यादी पाहोन फर्माविले की आपला नंबर सत्ताविसावा, वाट पाहावी.

काकू बोलल्या, "सत्तावीस गुत्ते बंद पडेपर्यंत मी जगेन का?"

कारकून बोलला, "ते आमच्या खात्यात येत नाही, बाई."

ऐशा सहा स्वाऱ्या फुकट गेल्या. सातव्या स्वारीस काकू जिना चढोन आल्या आणि काही न मागता बाकावर नुसत्या बसल्या. तो देखावा कारकुनास सोसवेना, आणि त्याने नियमांची पोथी उघडोन एक कलम काढिले की परवानेदाराने आपला परवाना दुसऱ्या जागी नेल्यास त्यास यादी लागू नाही.

आता परवाना असोन धंदा बंद, ऐसा इसम शहरात एकच, मुकेअण्णा. बायको वारल्यापासोन त्यांनी गुत्ता बंद केला आणि बोलणेही बंद केले. समोरील गुत्तेवाला दुसऱ्या गुत्त्यासाठी तो परवाना मागावयास तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा दार पाहोन परतला.

दोघी अण्णांच्या बंद गुत्त्यात दाखल जाहल्या, तो खुर्च्या मेजांवर उलट्या घातलेल्या, धूळ बोटभर, आणि खिडकीजवळचे एकच मेज लख्ख पुसलेले. काकूंनी घोकलेले भाषण जागीच राहिले.

नणंदबाईंनी पुसले, "अण्णा, हे एकच का पुसता?"

अण्णांनी त्या मेजावरोन फडके फिरविले. मग अण्णा बोलले, "ती इथं बसायची. वाटाणे सोलत."

काकू हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे खिडकीजवळ जागा आहे. मेज आणा. तुम्हीही या. परवान्याचं तुमच्या मनाला येईल तसं."

अण्णांनी मान हलविली नाही. दोघी रित्या हाती परतल्या, आणि वाटेत नणंदबाईंनी सामान बांधावयाची गोष्ट काढिली, काकूंनी ती ऐकली नाही ऐसे दाखविले.

पाचव्या दिवशी सकाळी मुकेअण्णा हातगाडीवर मेज घालोन, पूल उतरोन, खुद्द चालत आले. मेज खिडकीशी मांडिले, पुसले, मग खिशातून घडी केलेला परवाना काढोन काकूंपुढे धरिला आणि हुकूम केला, "कचेरीत मी येतो. जिना मात्र सावकाश चढू."

जिना तिघांनी सावकाश चढिला. कारकुनाने शिक्का मारिला. समोरील गुत्तेवाल्याने दारात उभे राहोन हे वर्तमान ऐकिले आणि आत जाऊन आपल्या आचाऱ्यास मीठ बेताने घालण्याची ताकीद दिली.

येणेप्रमाणे परवाना पुलापाशी कायम जाहला. गुत्ते मोजता एक्केचाळीसच भरले, ठरावास धक्का नाही. नणंदबाईंनी परगावी "येत नाही" इतकेच लिहून पाठविले, आणि त्याच दुपारी वरणात पाणी फार, यावरोन दोघींचे कडाक्याचे भांडण जाहले. फत्ते पुरी जाहली.