नॉन-रेझिडेंट शिकारी

वसंतकाका घराबाहेर पडताना आधी हवेत टाल्कम पावडर उडवतात. लिफ्टसमोर उभं राहायचं, खिशातली डबी काढायची, चिमूटभर पावडर फू करायची आणि ती कुठे जाते ते डोळे बारीक करून बघायचं. "वारा तोंडावर हवा, सुमन. पाठीवरून आला की जनावराला आपली वर्दी गेलीच." सिंगापुरात, आमच्या पुंगोलच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर जनावर म्हणजे शेजारणीचं मांजर. ते रोज शिंकतं.

काकांना सांभाळायला मी या घरी आले ती थेट चिपळूणकडच्या खेड्यातून. शाळा आठवीतच सुटलेली. मला वाटलं, सिंगापुरात असंच करत असतील. दुसऱ्या दिवशी मीही फू केलं. काकांची सून, आमच्या ताई, नोव्हेनाच्या इस्पितळात डॉक्टर आहेत. त्यांनी कपाळाला हात लावला. "सुमन, निदान तू तरी नको गं!"

काका जन्मभर जहाजावर इंजिनियर. बंदूक कधी हातात धरली नाही, अंडंसुद्धा खात नाहीत. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतली शिकार हा त्यांचा विषय. समोर कोण आहे याचा त्यांना फरक पडत नाही. ताईंच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्यांनी विचारलं होतं, "हरणाच्या शिंगांचे फाटे मोजून वय कळतं, असं वाटतं ना तुम्हाला? थोतांड! शिंगं दरसाल गळतात." बायका वाण हातात धरून उभ्या. "आणि शिकाऱ्याचं केशरी जाकीट बघून हरीण पळतं म्हणे! अहो, त्याला केशरी रंग कळतच नाही. तुम्ही हललात की पळतं." त्यावर एकही बाई हलली नाही.

हल्लीच्या शिकाऱ्यांवर तर त्यांचा दात. "झाडाला कॅमेरा बांधायचा, घरबसल्या फोनवर जनावर बघायचं आणि मैलभरावरून गोळी घालायची. ही शिकार? ही ऑनलाइन भाजी झाली!"

नात म्हणते, "आजोबा, you don't even eat egg, lah."

एकदा कालव्याकाठी फिरताना खरंच रानडुक्कर आडवं आलं. काका बाकावर चढले, मी काकांच्या मागे. डुक्कर गेल्यावर म्हणाले, "माझा अभ्यास एल्कचा आहे." एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण.

ते मारायला परवाना लागतो आणि तो सोडतीत निघतो. नाही निघाला तर सांत्वनाला एक गुण मिळतो, गुण साठले की पुढच्या वेळी नशीब वाढतं. काका दरवर्षी अर्ज करतात, बिल नावाच्या जुन्या जहाजी मित्राबरोबर. अर्ज दोघांचा मिळून एक. निघाला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. त्यातच तिकडच्या सरकारने बाहेरच्यांचे परवाने कमी केले, तेव्हा काका दोन दिवस धुमसत होते. "तिथेही आपण नॉन-रेझिडेंट, इथेही नॉन-रेझिडेंट!" माझ्या वर्क परमिटची मुदत संपत आली की नवा परवाना येईपर्यंत मी दिवस मोजते. पण दर तासाला "आला का गं?" विचारतात ते काका. गेल्या वेळी आला तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. ते मी विसरायची नाही.

यंदा सोडतीत दोघांचं नाव निघालं.

घरात दंगा. दादा, म्हणजे काकांचे चिरंजीव, म्हणाले, "बाबा, जाच एकदा. तिकीट काढतो." काकांनी मात्र पावडरची डबी कपाटात ठेवली. दोन दिवस कुणाला शिंगं नाहीत की वारा नाही. मला वाटलं, घाबरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "सुमन, आत्ता बिलचा फोन येईल. तू मला रागवायचं. जोरात."

"अहो काका, मी कशी रागवू?"

"बिलला आता दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. त्याची बायको सांगत होती. तो तोंडाने बोलायचा नाही, तसाच डोंगर चढायला निघेल. आणि आपल्यामुळे हुकलं असं त्याला वाटलं, तर पुढच्या वर्षी अर्जच करणार नाही. दोघांनी परवाने मुदतीत परत केले तर साठलेले गुण राहतात. पण नकार माझ्याकडून जायला हवा."

"मग गुडघे दुखतात म्हणा."

"माझे गुडघे लोखंडी आहेत असं मीच त्याला सांगत आलोय."

फोन आला. पडद्यावर लाल गालांचा म्हातारा, नाकात नळी. काकांनी इंग्रजीत काहीतरी सांगून माझ्याकडे बोट दाखवलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि गावाकडे भावाला झापते तसा सूर लागला. "कुठे निघालात ह्या वयात? बीपीच्या गोळ्या कोण देणार तिथे, हरीण? गुपचूप घरात बसायचं! पाऊल बाहेर टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

बिलला मराठीचा एक शब्द कळला नसणार. तरी तो हसायला लागला. हसता हसता खोकला, नळी सरळ केली आणि म्हणाला, "ओके, ओके. नेक्स्ट इयर." त्याचे खांदे एकदम खाली आले.

फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "सुटला बिचारा."

मग त्यांनी फोनची काच सदऱ्याला पुसली. "छान रागावलीस."

"जास्त झालं का काका?"

"नाही गं. फक्त," ते म्हणाले, "मला खरंच जायचं होतं."