रेघेवरचं पाणी

"अगं, रेघ बघ, रेघ!" तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून डॉक्टर आतूनच ओरडले. "थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही. याला म्हणतात यंत्र!"

खुर्चीत आ वासून पडलेले वकीलसाहेब तसेच पडून राहिले. दुसरं करणार काय? तोंडात कापसाचे बोळे, गालात नळी, आणि डॉक्टरांचं लक्ष बाहेरच्या टाकीकडे.

बाहेर डॉक्टरीणबाई काउंटरमागे बसल्या होत्या. त्यांनी रेघ बघितली, मान डोलावली, आणि ओला हात हळूच साडीला पुसला.

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, बाकाच्या बरोब्बर समोर, त्यांची लाडकी माशांची टाकी. मासे बघितले की पेशंटची भीती जाते, असं डॉक्टर सांगायचे. आता आतून ड्रिल घुमायला लागलं की बाकावरच्या माणसांचे डोळे माशांपेक्षा मोठे व्हायचे, ते सोडा. टाकीतला सगळ्यात जुना मासा म्हणजे एक गुबगुबीत केशरी गडी. त्याचं नाव आदर्श. पूर्ण नाव आदर्श पेशंट. कारण तो न सांगता आ करायचा, मिटायचा, परत आ करायचा, आणि जन्मात एक शब्द बोलायचा नाही. "असे चार रोज मिळाले तर सोनं होईल आयुष्याचं," असं डॉक्टर म्हणायचे, आणि म्हणताना बाकावरच्या माणसाकडे बघायचे.

तर या आदर्शच्या पायी डॉक्टरीणबाईंना कित्येक वर्षांत आपल्या ताईकडे जाता आलं नव्हतं. ताईनं समुद्राकाठी घर घेतलं, त्याला गॅलरी काढली, गॅलरीत झोपाळा टांगला. झोपाळ्याच्या कड्या गंजून दुसऱ्या बसवल्या, तरी धाकटी बहीण काही आली नाही. दरवेळी डॉक्टर हात वर करायचे. "मी काय नको म्हणतो का? पण टाकीचं कोण बघणार? उन्हाळ्याचं पाणी उडतं. वर पंखा. एका दिवसात बोटभर खाली!"

यंदा बाईंनी आधी तिकिटं काढली आणि मग नवऱ्याला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की एवढी अक्कल येतेच.

डॉक्टरांनी त्यावर हे यंत्र मागवलं. टेबलाखाली पाण्याची बादली, बादलीत मुठीएवढा पंप, तिथून टाकीपर्यंत नळी, आणि टाकीत तरंगणारा लिंबाएवढा फुगा. पाणी उतरलं की फुगा उतरणार, फुगा उतरला की पंप सुरू, रेघेपर्यंत भरलं की बंद. रेघ बाईंच्याच नेलपॉलिशची, लालभडक. सोमवारी सगळं जोडून झाल्यावर डॉक्टरांनी फर्मान काढलं, "शनिवारपर्यंत पाणी रेघेवर राहिलं तर रविवारच्या गाडीत बसू. नाही राहिलं तर तिकिटं परत. मी माशांच्या जिवाशी खेळणार नाही."

"आणि बहिणीच्या जिवाशी?" असं बाई म्हणाल्या, पण मनातल्या मनात.

मंगळवारी सकाळी त्या केर काढायला खाली आल्या तर पाणी रेघेच्या चांगलं खाली. फुगा लोंबतोय. पंप मुका. बाईंनी टेबलाखाली कान लावला, बादलीला लाथ मारली, पंपाला "अहो" म्हणून बघितलं. घरात एकजण त्यानं हलायचा, म्हणून. काही नाही. डोळ्यांपुढे झोपाळा आला आणि गेला. मग त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बादलीत प्लॅस्टिकचा मग बुडवला आणि टाकीत ओतला. पाणी रेघेवर. बादलीतलं पाणी कमी, टाकीतलं बरोबर. यंत्रानं केलं काय आणि बाईंनी केलं काय, आदर्शला थोडंच कळतंय?

पण खुर्चीतून दार उघडं असलं की टाकी सरळ दिसायची. आणि त्या वेळी डॉक्टर पाठमोरे असले तरी खुर्चीत वकीलसाहेब होते. त्यांची खालची दाढ अशी ठणकत होती की डॉक्टरांनी आठवडाभर रोज सकाळी बोलावलं होतं. वकीलसाहेब म्हणजे बोलण्याचं खाणारा माणूस. बाकावर बसले की फोनवर बोलायचे, फोनची बॅटरी संपली की शेजारच्याशी, शेजारी उठून गेला की माशांशी. अशा माणसानं बाईंना मग ओतताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि तोंडात बोळे!

"आँ! आँ आँ!" ते टाकीकडे बोट दाखवायला लागले.

"दुखतंय?" डॉक्टर म्हणाले. "थांबा हं." आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

इथवर सगळं छान चाललं असतं. पण त्या घरात आत्याही होत्या. डॉक्टरांच्या आत्या. वय विचारलं तर "तुझ्या आजीला विचार" म्हणायच्या. दुपारी त्या बाकावर वारा खायला येऊन बसल्या. पंख्यानं पाणी पुन्हा जरा उतरलेलं. आत्यांनी मान वाकडी करून बघितलं, "मेलं ते यंत्र," म्हणाल्या, आणि दोन मग ओतले. मागचा-पुढचा हिशेब नाही. पाणी रेघेच्या वर.

संध्याकाळी बाईंनी बघितलं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. पाणी जास्त! आता डॉक्टर म्हणतील, यंत्र थांबत नाही, आपण गाडीत असताना दवाखान्याचा तलाव होईल. त्यांनी गुपचूप एक मग उपसला आणि खिडकीतल्या कुंडीत घातला. अंदाज चुकला, जरा जास्तच उपसलं गेलं. सकाळी पाणी पुन्हा खाली.

असं सुरू झालं बरं का! सकाळी पाणी रेघेखाली, दुपारी रेघेवर, संध्याकाळी रेघेच्या वर, सकाळी परत तळाला. समुद्राला भरती-ओहोटी नसेल एवढी त्या टाकीला. बिचारा आदर्श लिफ्टमध्ये बसल्यासारखा वर-खाली व्हायचा.

डॉक्टर हैराण. त्यांनी यंत्राची तपासणी केली, तीही आपल्या पद्धतीनं. फुग्यावर छोटा आरसा फिरवला. नळी दात साफ करायच्या मशिननं खरवडली. पंपाला मऊ ब्रशनं घासून चूळ भरायला लावली म्हणा ना!

"कीड दिसत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मुळात काहीतरी आहे."

"उपटून टाका मग," आत्या म्हणाल्या.

"आत्या, प्रत्येक गोष्ट उपटायची नसते."

"तुझ्या आजोबांचे सगळे दात न्हाव्यानं उपटले होते. एका बैठकीत. आणि तिथून उठून ते ऊस खात घरी आले."

"दात नसताना ऊस?"

"इच्छाशक्ती रे, इच्छाशक्ती!"

डॉक्टरांनी नाद सोडला आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू करा." बटण बाकामागच्या कोपऱ्यात. डॉक्टरांची कंबर धरलेली, दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून तिला आता आणखी वाकायचं नव्हतं. त्यांनी उभ्यानंच हात घालून चाचपलं, बटण खटखट केलं. "चालू आहे," म्हणाले.

शुक्रवारी सकाळी वकीलसाहेबांनी बोळे पडायच्या आधीच घाईघाईनं तोंड उघडलं. "डॉक्टर, मला तुम्हाला एक सांगायचंय, त्या टाकीत..."

"मोठा आ करा," डॉक्टर म्हणाले, आणि बोळा आत. टाकीचा विषय त्यांना नकोच होता.

आणि शनिवार उजाडला.

त्या दिवशी शेवटची तपासणी. वर बॅग भरून तयार. बाईंनी ताईसाठी दोनदा घडी केलेली शाल तिसऱ्यांदा घडी केली आणि खाली आल्या. पाणी बोटभर खाली! आज तर कमी दिसून चालणारच नव्हतं. त्यांनी दोन मग ओतले आणि काउंटरमागे जाऊन देवासारख्या बसल्या. मग फोन आला म्हणून त्यांनी पाठ फिरवली. तेवढ्यात आत्या आल्या. चष्मा वर राहिला होता, लाल रेघ काही दिसली नाही. "आज कमी पडायला नको बाई," असं पुटपुटत त्यांनी दोन ओतले आणि बादली खडखडीत केली.

फोन ठेवून बाई वळल्या तर टाकीवर तिसराच माणूस. पांढरा कोट, हातात पेशंटचा चूळ भरायचा मोठा ग्लास, आणि घाईत रेघही न बघता चोरासारखा वाकलेला.

बाईंच्या तोंडून शब्द निघायच्या आत पाणी काठावरून सुटलं. टेबलावरून खाली, खाली जमिनीवर, जमिनीवरून बाकाखाली. आत्यांची चप्पल होडीसारखी निघाली आणि दाराशी जाऊन अडली. एवढ्या पाण्यात आदर्शनंच डोकं वर काढून बघितलं, बाहेर काय चाललंय ते.

डॉक्टरांनी ग्लास पाठीमागे लपवला. "यंत्र!" ते ओरडले. "बघा, बघा, यंत्राला वेड लागलं! संपलं. अगं... तिकिटं परत कर."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

तेवढ्यात आतून थू थू थू असा आवाज आला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातानं बोळे काढून फेकले होते. गळ्यात निळा कागदी रुमाल, अर्धा गाल बधिर, आणि डोळ्यांत आठवडाभर दाबलेलं भाषण. ते दारात येऊन उभे राहिले.

"यंत्र निर्दोष आहे!" वकीलसाहेब गरजले. "मी साक्षीदार आहे! मंगळवारपासून बघतोय. वहिनी, माफ करा, पहिला मग तुमचा. मग आत्याबाई, दोन-दोन. मग वहिनी उपसतात. आणि डॉक्टर, 'हात धुऊन येतो' म्हणून तुम्ही रोज मला आ वासलेला सोडून जाता, ते हात नाही धूत. तुम्ही माझ्या चुळेचं पाणी माशांना देता!"

डॉक्टरांच्या पाठीमागचा ग्लास हळूच पुढे आला.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुम्ही का ओतत होतात?"

डॉक्टरांचे कान लाल झाले, रेघेपेक्षा लाल. "अगं, ते पहिल्या दिवसापासून चालतच नव्हतं. आता तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू रोज ती बॅग उघडून बघतेस, बंद करून बघतेस... म्हटलं, एकदा गाडीत बसवू हिला, मग होईल काय व्हायचं ते."

"मग इतकी वर्षं मासे, मासे करत होतात ते?"

"ते..." डॉक्टर खाली बघत म्हणाले. "तुझ्या ताईचा नवरा मला कॅरममध्ये हरवतो. प्रत्येक वेळी. आणि मग जेवताना सांगतो सगळ्यांना."

"अहो!" बाई म्हणाल्या. हसू आणि रडू एकाच दारातून यायला लागलं आणि दोघं दारात अडकली.

"आणि आत्याबाई, तुम्ही?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी पुढे चालवली.

"मला आपली आठ दिवस शांतता हवी होती," आत्या म्हणाल्या. "ते ड्रिल ऐकून ऐकून स्वप्नातसुद्धा मला कोणीतरी भोक पाडतं." असं म्हणून त्या दुसरी चप्पल शोधायला बाकामागे वाकल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हे बघ रे! ही काळी वायर तुझ्या यंत्राची ना? ही इथं भुईला पडलीय. भिंतीत दुसरंच काहीतरी पांढरं खुपसलंय."

पांढरं म्हणजे चार्जर. फोनचा. वकीलसाहेबांचा.

"सोमवारी बॅटरी संपत आली होती," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, रोज यायचंच आहे, असू दे इथंच..." पुढे त्यांनी आ केला, मिटला, परत आ केला. शब्द एक नाही. डॉक्टरांनी टाकीकडे बघितलं, वकिलांकडे बघितलं. त्यांना दुसरा आदर्श पेशंट मिळाला होता.

वायर पुसली, कोरडी केली, भिंतीत लावली. पण टाकी काठोकाठ! फुगा वर बसलेला. आता यंत्र चालतंय की नाही कळायला पाणी उडायची वाट बघायची, तोवर गाडी पुढच्या गावाला. बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं. आणि आत जाऊन त्यांनी लोकांची थुंकी ओढायची नळी ओढून आणली, नवं टोक लावलं, आणि टाकीत धरली. सुर्रर्र! पाणी उतरलं, फुगा उतरला, पंप गुरगुरला. गुरगुरतच राहिला. बादलीत थेंब नव्हता.

"भरा बादली!" तिघं एकदम ओरडले, आणि बादली वकीलसाहेबांनी भरली. पंपानं घोट घेतला, नळीतून धार आली, लाल रेघेपाशी पोचली आणि टक्कन थांबली. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. रोज येऊन बादली भरायचं वकीलसाहेबांनी कबूल केलं, आणि रविवारी दोघं नवरा-बायको गाडीत बसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई ताईच्या झोपाळ्यावर, समोर समुद्र, मागे कॅरम. डॉक्टर हरत होते, पण आज त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साडूच्या नाकासमोर धरला.

"रेघ बघा, रेघ! थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही. आत्या, यंत्र काय म्हणतंय?"

"अगदी झकास रे बाबा!" फोनमधून आत्या म्हणाल्या. "आवाजसुद्धा नाही त्याचा!"

बाईंनी वाकून फोनमध्ये बघितलं. टाकी दिसली. रेघेवर पाणी दिसलं. मागे बाकावर वकीलसाहेब दिसले, फोनवर बोलत असलेले, आणि त्यांच्या फोनची पांढरी वायर बाकामागे गेलेली. आणि आत्यांच्या हातातला मग ठिबकत होता.

टाकीत आदर्शनं आ केला, आणि मिटला.

बाईंनीही तेच केलं, आणि पायानं झोपाळ्याला एक झोका दिला.