चहाचं शेवटचं घर

आमच्या शेजारच्या खोलीत रोज संध्याकाळी स्टोव्ह भर्रर्र पेटलेला असायचा आणि त्यावर काहीही नसायचं. पातेलं नाही, तवा नाही, नुसती निळी ज्योत. बोईसरला नवीन आले तेव्हा मी हाक मारून सांगितलंसुद्धा, "अहो कर्णिकभाऊजी, स्टोव्ह विसरलात वाटतं!" आतून उत्तर आलं, "नाही वहिनी, काम चालू आहे." रॉकेलसाठी बाजारात ही रांग, आणि यांचं हे काम! मला वाटलं, माणूस सरकलेला दिसतोय.

तसा नव्हता. समुद्राकडे विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे तिथल्या एका कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळायचे आणि कर्णिकभाऊजी कामगारांचे कल्याण अधिकारी. माणसांची दुःखं कशी ऐकायची, याचं रीतसर शिक्षण ते मुंबईला घेऊन आले होते. दारू, सासू-सून, मुलगा बोलत नाही, बायको माहेरी गेली. ज्याला जे खुपेल ते त्याने संध्याकाळी भाऊजींच्या खोलीत जाऊन बोलावं. पण आमच्या पत्र्याच्या खोल्यांमधली भिंत प्लायवूडची. पलीकडे उचकी लागली तर इकडे मी पाणी प्यावं, इतकी पातळ. आतलं बोलणं माझ्या कानावर पडू नये म्हणून तो स्टोव्ह. आता खोटं कशाला बोलू, मी भिंतीला कान लावून पाहिला. भर्रर्रच्या पलीकडे एक अक्षर कळलं तर शपथ.

बरं, एवढं ऐकून सल्ला तरी द्यावा! ते नाही. समोरचा रडून मोकळा झाला की भाऊजी हनुवटी खाजवत विचारणार, "तुम्हाला काय वाटतं?" एक फिटर तर तिथून तणतणतच बाहेर आला. "मुझे मालूम होता तो आपके पास क्यों आता, साहब?" असं अख्ख्या चाळीला ऐकवून गेला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर! मी एकदा भाऊजींना विचारलं, "तुम्ही लग्न का नाही हो केलंत?" तर मलाही तेच. "तुम्हाला काय वाटतं, वहिनी?" मला जे वाटलं ते मी बोलले नाही.

देवाधर्माचंही त्यांचं वेगळंच. साइटवरच्या कुणीतरी त्यांना टोकलं, "दुःखी माणसाला जरा नामस्मरण सांगावं की नाही?" भाऊजी म्हणाले, "मी घरी रोज पूजा करतो. पण कामाला बसलो की माझ्या देवाला बाहेर बसवतो, चपलांजवळ. येणारा आपला देव घेऊन येतो. दोघांची भांडणं नकोत." एका बाईने घाबरत घाबरत विचारलं, मी भगताकडे जाऊ का? तर म्हणाले, "जरूर जा. आणि मंगळवारी इकडे या."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा मिठाचा नियम. ज्याचं दुःख ऐकलं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "मीठ खाल्लं की माणूस बाजू घेतो, वहिनी. माझ्या धंद्यात बाजू घेतली की संपलं." सातपाटीची एक मावशी टोपलीतून दोन पापलेटं घेऊन आली होती. तिचा रुसून गेलेला मुलगा परत आला होता. भाऊजी हात मागे बांधून उभे. कायस्थाचा पोर, पापलेटावरून नजर हलेना, पण घेईनात. मावशी भडकली. "ही काय लाच हाय? माजा पोरगा घरा आला म्हनून आनलाय मावरा. नाय घेत तर इथंच ठेवते!" आणि ठेवून गेली. ती पापलेटं मांजराने भाऊजींच्या डोळ्यांदेखत खाल्ली. त्या रात्री ते मेसमधली दुधी भोपळ्याची भाजी जेवले.

आता गंमत अशी, की हळूहळू अख्खी चाळच त्यांच्याकडे जाऊन आली. जो जाऊन आला त्याचं घर भाऊजींना बंद. दिवाळीला घराघरांतून चकलीचा वास यायचा आणि भाऊजी कडेकडेने चालायचे. गणपतीत लोक प्रसाद घेऊन मागे धावायचे आणि भाऊजी पुढे पळायचे. होता होता चहा प्यायला त्यांना एकच घर उरलं. आमचं. रविवारी सकाळी ते यायचे, खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे, दोन कप चहा प्यायचे आणि चिंचणीच्या समुद्रापासून माझ्या पोह्यांपर्यंत कशावरही अखंड बोलायचे. आठवडाभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या माणसाचं तोंड फक्त आमच्याकडे सुटायचं.

आमच्याकडे दुःख नव्हतं असं नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमची मुलगी बारशाआधीच गेली होती. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. हे कामावर जायचे, मी स्वयंपाक करायची. कधी पाळणा दिसला की हे खिडकीबाहेर बघायचे आणि मी भांडी वाजवायची. माझ्या छातीवर धोंडा होता. यांना मात्र काहीच वाटत नाही, अशी माझी पक्की समजूत.

एका संध्याकाळी मला सहन होईना. पदर सावरला आणि भाऊजींच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली, माझा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. "या वहिनी, बसा," म्हणाले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. अगदी रीतसर. पण तोंड असं झालं होतं त्यांचं, की काय सांगू! शाळेतून नाव कमी झालेल्या पोरासारखं. मी म्हटलं, "छे हो, बसते कसली! काडेपेटी आहे का विचारायला आले होते." त्यांनी काडेपेटी इतक्या लगबगीने दिली की मला हसू आवरेना.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, भाऊजींकडे गेले होते पण बोलले नाही. हे म्हणाले, "मीही गेलो होतो. गेल्या आठवड्यात."

"तुम्ही? कशाला?"

"ज्यासाठी तू गेलीस." हे खिडकीबाहेर बघायला लागले. "त्याचं तोंड बघितलं आणि नटबोल्टच्या पान्याचं काहीतरी विचारून परत आलो. म्हटलं, रविवारी हा जाईल कुठे?"

मग आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो आणि वर्षभराचं रडलो. हे म्हणाले, "मी मनात तिला शालू म्हणतो." मला ठाऊकच नव्हतं हो, तिला नाव होतं ते.

रविवारी भाऊजी आले. पाय वर घेतले, पहिला घोट घेतला. बाहेर कुणाचं तरी बाळ दुडदुडत होतं, ते बघून आमचे हे सहज बोलून गेले, "आमची शालू असती तर आता एवढी झाली असती."

मी मनात म्हटलं, झालं! गेलं हेही घर! भाऊजींनी कप खाली ठेवला. हनुवटीकडे हात गेला, पण खाजवली नाही. 'तुम्हाला काय वाटतं' आलं नाही. बघते तर माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वहिनी," बाहीने तोंड पुसत म्हणाले, "हे मी साहेब म्हणून ऐकलेलं नाही हं. शेजारी म्हणून ऐकलं. शेजाऱ्याने बाजू घेतली तर चालते." आणि रिकामा कप माझ्यापुढे केला. "थोडा अजून द्या. आणि मला शालूचं सांगा. दिसायला कुणासारखी होती?"