लाभ पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन

पोलंडमधल्या त्या गावात "कसं काय?" विचारलं की "मजेत" म्हणायची पद्धत नाही. गुडघे, सून किंवा सरकार, यांपैकी एकाच्या तरी नावानं बोटं मोडून मगच माणूस पुढं जातो. गेनोवेफाबाईंनी हा शिष्टाचार बेचाळीस वर्षं पाळला. एका मंगळवारी मोडला, आणि तिथंच घात झाला.

त्याचं असं झालं, नगरपालिकेनं नागरिकांना वाटून दिलेल्या बागांचा नागरिकांना नेमका लाभ किती होतो, हे मोजायला एक खातं निघालं. खात्याचे कोर्नेल साहेब रक्तदाबाचं यंत्र घेऊन बाईंच्या बागेच्या तुकड्यावर आले. बाई काकड्या तोडत होत्या. नवऱ्यानं लावलेल्या सफरचंदाच्या झाडाखाली त्यांनी साहेबांना बसवलं, बरणीतली आंबवलेली काकडी खायला दिली.

"कशा आहात?" साहेबांनी विचारलं.

कुंपणापलीकडून शेजारी झेनोन जीव तोडून खुणा करत होता: रडा बाई, रडा! पण सरकारी माणसाशी खोटं कसं बोलायचं?

"नवरा गेला तेव्हा पार खचले होते हो. या मातीनंच उभं केलं. आता सुखात आहे."

साहेबांना गहिवरून आलं, त्यांनी बाईंचा फोटो काढून घेतला. रक्तदाबही उत्तम निघाला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: 'आपणांस लाभ पूर्णपणे प्राप्त झाल्याचे सिद्ध झाले आहे. सबब, गरज उरली नसल्याने सदर तुकडा अधिक दुःखी नागरिकास देण्यात येत आहे. अभिनंदन.'

बाई कार्यालयात धावल्या, ढसाढसा रडल्या. "अहो, ते झाड माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे! अन्न जात नाही मला."

"हे दुःख लाभानंतरचं आहे," साहेब हळहळत म्हणाले. "त्याला नवा अर्ज लागेल. प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक तीनशे बारा."

तुकडा झेनोनच्या मेव्हण्याला मिळाला. मुलाखतीत तो असा काही हुंदके देत होता की यंत्रच बंद पडलं. हरकती मागवल्या होत्या, पण शेजाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी यादीत होतं. मेल्यांनी बाईंच्या काकड्या मात्र वर्षानुवर्षं फुकट खाल्ल्या होत्या.

मेव्हण्यानं पहिल्याच आठवड्यात झाड तोडून खुर्च्या मांडल्या.

खात्याच्या गुळगुळीत अहवालावर आजही गेनोवेफाबाईंचा हसरा फोटो आहे. तो पाहून तुम्हीही "किती छान उपक्रम!" म्हणाल आणि यादीत नाव घालाल. घाला की. बाईंच्या मागं तीनशे तेरावी जागा रिकामी आहे. रांगेत पुढं घुसायचं असेल तर थोडं रडावं लागेल, एवढंच. आणि रडाल तुम्ही, मला खात्री आहे.