दोन बोटं उंच

माप या विषयात मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. होतं! कारण माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या नजरेतला पाव नंबरचा फरक पकडण्यात माझी उमर गेली. काचेचा मध्य केसभर इकडेतिकडे झाला तरी माणसाचं डोकं दुखतं, जिना उतरताना पाय चुकतो, हे मी गिऱ्हाइकांना दिवसभर समजावत असतो. अशा माणसानं स्वतःच्या गाडीच्या चाकाचं माप निवडलं, तर त्यात चुकायला जागा कुठे?

जागाच नव्हती. म्हणजे चाकाला!

आमची गाडी लहान, बसकी आणि गुणी. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं उंचच उंच गाडी घेतली आणि नेमकी आमच्या शेजारी लावायला सुरुवात केली. तिच्यापुढे आमची गाडी टेबलाखाली दडलेल्या मांजरासारखी दिसायला लागली. टायर झिजलेच होते. मी तडक टायरच्या दुकानात गेलो.

"तेच माप घालू ना साहेब?" टायरवाल्यानं विचारलं.

"मोठं काय आहे?"

त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कोण जास्त ऐकणारं आहे ते त्याला लगेच कळलं. "मोठं बसेल. त्याहून मोठंही बसेल. बसवलं की बसतं साहेब!"

"घासणार नाही ना?"

"पहिल्यांदा घासेल जरासं. मग चाक आपली जागा आपण करून घेतं."

हे वाक्य मला फार आवडलं. लग्नात मला वडीलधाऱ्यांनी साधारण हेच सांगितलं होतं! मी जुनी चाकं त्याला देऊन टाकली आणि रुंद, दणकट टायरांची नवी मोठी चाकं बसवून घेतली. गाडी दोन बोटं उंच झाली. मी चार बोटं.

घरी येऊन सगळ्यांना खाली बोलावलं. सगळे म्हणजे बायको आणि आई. बायको गाडीकडे बघत राहिली. "अहो, ही टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी का दिसतेय?"

"रुबाब म्हणतात त्याला!"

आईनं चष्मा नीट केला, गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान."

पुढे काय झालं ते आता जरा शांतपणे सांगतो. स्टिअरिंग जड झालं. सिग्नल सुटला की गाडी आधी विचार करायची, मग निघायची. आणि पूर्ण वळण घेतलं की पुढच्या चाकाकडून 'खर्रर्र' असा आवाज यायचा.

"तुम्ही घोरता तसा येतोय," बायको म्हणाली.

"चाक जागा करून घेतंय."

"तुम्हीही तेच म्हणता. पलंग माझ्या वाट्याला किती उरलाय ते बघा!"

मग मी वळणंच टाळायला लागलो. अरुंद गल्ल्या सोडल्या. दूध आणायला जाताना अख्ख्या मैदानाला वळसा घालून यायचो. माणूस आपली चूक लपवायला किती लांबचा रस्ता धरू शकतो, याचा मला तेव्हा अंदाज आला. पण अंदाज येणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

त्याच सुमारास आईचं मावशीकडे जाणं बंद झालं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. कान गेलेले, आवाज शाबूत! दुकानाला सुट्टी असली की मी आईला तिच्याकडे सोडायचो. दोघी पत्ते खेळायच्या, एकमेकींवर फसवाफसवीचे आरोप करायच्या आणि तरतरीत व्हायच्या. त्या दिवसाची आई आठवडाभर वाट बघायची. नवी चाकं आल्यावर एकदा गेली आणि मग थांबलीच.

"आज नको. डोकं जड आहे."

पुढच्या सुट्टीला: "आज ऊन फार आहे."

त्याच्या पुढच्या सुट्टीला ढग होते, तर म्हणाली, "ढग आलेत."

ती खिडकीशी बसून एकटीच पत्ते मांडायला लागली. डाव स्वतःच जिंकायची आणि तोंड असं करायची, जणू हरलीच आहे. मला काळजी लागली. मी बायकोला म्हणालो, "दोघींचं भांडण झालंय. नक्की!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माणसाचे डोळे वाचतो मी!"

आणि डोळे वाचणाऱ्या या माणसानं दुकानातून मावशीला फोन लावला आणि तिला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, "मावशी, झालं गेलं विसरून जा. आई मनाला लावून बसलीय."

"काय विसरू?"

"भांडण!"

"कुणाशी?"

"आईचं तुझ्याशी!"

पलीकडून असा आवाज आला की दुकानातल्या गिऱ्हाइकानंसुद्धा चष्मा काढला. "ती माझ्याशी भांडलीय? आणि मला पत्ता नाही? मी काय केलं गं बाई तिला! थांब, तिलाच विचारते!"

मी 'अगं मावशी' म्हणेपर्यंत फोन बंद. संध्याकाळी घरी पोचलो तर आई तांबडीलाल होऊन बसलेली.

"ताई म्हणते, मी तिच्यामागे तिच्या कागाळ्या करते. मी म्हटलं, केल्या नाहीत, पण करायच्या म्हटल्या तर पुष्कळ आहेत!"

"आई, म्हणजे तुमचं भांडण नव्हतं?"

"नव्हतं. आता आहे!"

लहानपणाची मोडलेली बाहुली, लग्नात कुणाला कुठली साडी मिळाली, आजोबा कुणाला जास्त रागवायचे, सगळं फोनवर निघालं होतं. पहिले काही दिवस दोघी तावात होत्या. मग फोनही बंद झाले, आणि ते जास्त वाईट होतं. एवढ्या वयाच्या दोन बहिणी एकमेकींशी अबोला धरतात, तेव्हा तो किती दिवस परवडेल याचा हिशोब कुणी मोठ्यानं करत नाही. मी मनातल्या मनात करत होतो आणि मला नीट झोप लागत नव्हती.

शेवटी बायकोनं ठरवलं, "आज सगळे मिळून मावशींकडे जायचं. समोरासमोर बसल्या की आपोआप बोलतील."

आश्चर्य म्हणजे आई 'हो' म्हणाली. फक्त मला म्हणाली, "तू पुढे होऊन गेट उघड. मी बसते."

मी गेट उघडून परत आलो तर ती पुढच्या सीटवर बसलेली होती. केस विस्कटलेले, कपाळावर घाम. मागच्या सीटवरची बायको एकाग्रतेनं बाहेरचा खांब बघत होती.

"काय झालं?"

"उकडतंय," आई म्हणाली.

निघालो. मावशी दुपारी झोपायच्या आत पोचायचं म्हणून मोठ्या रस्त्यानं जरा घाईत निघालो, पण मर्यादा सोडली नव्हती. काटा बरोबर साठावर! तरी वाहतूक पोलिसानं हात केला.

"सहासष्ट," तो हातातलं यंत्र दाखवत म्हणाला.

"अहो, काटा साठावर होता! शपथ!"

"काटा तुमच्याकडचा. रस्ता आमच्याकडचा." तो वाकला, चाकं बघितली आणि त्याला माझा कंटाळाच आला. "चाक मोठं घातलंय ना? एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. काट्याला काय माहीत, तो फेऱ्याच मोजतोय बिचारा!"

मी दंड भरला. बायको मागून हळूच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आपण जास्त वेगानं जात होतो आणि तरी सगळीकडे उशिराच पोचत होतो!"

मावशीच्या इमारतीचं फाटक गल्लीच्या काटकोनात आहे. चारचौघं गाडीत बसलेले, गाडी खाली दबलेली. मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि 'खर्रर्र' सुरू झालं, मग 'कट्ट' झालं आणि चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक निसटून टायरला अडकलं. गाडी फाटकात आडवी! आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. मागे एक टेम्पो, आत एक स्कूटर, दोघांचे हॉर्न. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मावशी आली.

हो, चारचौघं म्हटलं खरं, पण आम्ही तिघंच होतो. चौथा माझा रुबाब. तो तिथेच उतरला.

"आली का?" मावशी वरून गरजली. "भांडायला इतक्या लांब कशाला आलीस? फोन होता की!"

आई दाराला धरून कशीबशी खाली उतरली आणि मान वर करून म्हणाली, "ताई, मी भांडले नाही गं. मला गाडीत चढता येत नाही."

"काय? गादीत?"

"गाडीत! गाडी उंच झालीय! माझा गुडघा वर जात नाही!"

"मुडदा? कुणाचा गं मुडदा?"

"गुडघा! गुडघा!" आई गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली. "गुडघा दुखतो माझा! चढताना जीव जातो! याला सांगितलं असतं तर यानं डॉक्टरकडे नेलं असतं, डॉक्टरनं काठी दिली असती, आणि काठी आली की मी म्हातारी! आणि याला तर त्या चाकांचं केवढं कौतुक! कसं सांगू?"

टेम्पोचा हॉर्न थांबला. स्कूटरवाला खाली बघायला लागला. मी चाकापाशी उकिडवा बसलो होतो, हातात प्लास्टिकचा तुकडा, आणि मला वर बघवेना. दोन बोटं म्हणजे किती? मी तर ती अभिमानानं मोजली होती. आईनं ती गुडघ्यानं मोजली होती, आणि मग घरात बसून एकटीनं पत्ते मांडले होते. जी गोष्ट ती मला घरात हळू आवाजात सांगू शकली नाही, ती तिला अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावी लागली. तिच्या डोळ्यांत मला काय दिसलं होतं? तर भांडण!

मावशी गॅलरीतून नाहीशी झाली. जरा वेळानं कठड्याला धरत, एकेक पायरी उतरत खाली आली. कितीतरी महिन्यांनी ती खाली उतरली असेल. ती आईसमोर उभी राहिली आणि तिनं स्वतःची काठी पुढे केली.

"ही बघ. मी घेतलीय की. तू येणार असलीस की दाराआड लपवत होते." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे मेल्या, जरा ढकल तो डबा बाजूला!"

दोघी एकमेकींना धरून वर गेल्या. मी, टेम्पोवाला, स्कूटरवाला आणि बायको अशा चौघांनी मिळून गाडी सरळ केली.

परत निघताना मी स्वतः आईला गाडीत बसवलं. ती गाडीच्या दाराच्या चौकटीला धरून दम घ्यायला थांबली, तर तिचं नाक चौकटीवर कारखान्यानं चिकटवलेल्या कागदाला लागलं. मी केलेल्या चष्म्यातून तिनं बारीक अक्षरं वाचली. "अरे, इथे टायरचं माप छापलंय. तू वाचलं होतंस का?"

लोकांना भिंतीवरची शेवटची ओळ वाचायला लावणारा मी म्हणालो, "बस आई, सांभाळून."

दुसऱ्या दिवशी कारखान्यानं ठरवलेल्या मापाची चाकं बसवून घेतली. आता आई पूर्वीसारखी अलगद बसते. काठीही घेतलीय, पण ती सीटमागे असते, मावशीच्या दारात पोचल्यावरच बाहेर येते. तिथे दोघी आपापल्या काठ्यांची तुलना करतात आणि पत्त्यांत फसवतात.

काल येताना आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे येणार. मीच विचारलं, "आता बरं वाटतंय ना गं बसायला?"

"बसायला झकास," ती म्हणाली. मग एक सुस्कारा टाकला. "पण काही म्हण हं, त्या मोठ्या चाकांवरून लोकांच्या कुंपणापलीकडचं काय छान दिसायचं!"