जिऱ्याच्या वासाची दोन मडकी

कबुतरांसाठी ‘खारी मांजर’ बनवायचं मी ठरवलं आणि तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. (मांजर फक्त नावात. आत माती, जुना चुना, मीठ, जिरं आणि शिळं मूत्र. कुणाचं, हे कबुतरांच्या पुस्तकात दिलेलं नाही. मी घरचंच वापरलं.) हे चाटलेलं कबूतर घर सोडत नाही, उलट शेजारची पाखरंही ओढून आणतं, असं पुस्तक सांगतं.

स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत माझं औषधाचं दुकान आणि वर माळ्यावर कबुतरं. त्यातला ड्यूक तर माझा जीव की प्राण. गळा असा फुगवायचा, की बघणाऱ्यानेच टोपी काढावी.

पण माळ्याखालच्या खोलीत बायकोच्या थॉमसिनमावशी पोट धरून पडलेल्या, आणि कबुतरांच्या घुमण्याने त्यांना झोप नाही. शेवटी बायकोने, डॉर्कसने, मला बजावलं, “गुरुवारच्या गाडीने मावशी आपल्या घरी नॉरिचला गेली तर ठीक. नाहीतर ड्यूकसकट सगळी कबुतरं कणकेत भरून भाजीन!”

मी घाईघाईने मावशीसाठी मध, आलं, जिरं आणि पोट साफ करणाऱ्या सोनामुखीचं चाटण केलं. खाऱ्या मांजरीचं आणि चाटणाचं, दोन्ही मडकी सारखीच, दोन्हींवर लॅटिन चिठ्ठ्या. (लॅटिन लिहिलं की गिऱ्हाईक उलट प्रश्न विचारत नाही. मग मी कबुतरांसाठीही लॅटिनच लिहितो.) तेवढ्यात एका रोग्याचं बोलावणं आलं.

“अगं, एक मडकं मावशीला दे, एक माळ्यावर ठेव!”

“कुठलं कुणाचं?”

“जिऱ्याचा वास येईल ते मावशीचं!” मी दारातूनच ओरडलो. डॉर्कसने पहिलंच मडकं हुंगलं. जिरं होतं. बाकीच्या वासाचं तिला काहीच वाटलं नाही. माझ्या सगळ्याच औषधांना तसा वास येतो, म्हणे.

संध्याकाळी येतो तो मावशी उठून बसलेल्या, मटण खातायत!

“जावईबापू, हाताला गुण आहे हो तुमच्या! जरा खारट लागतं, पण जळजळ साफ गेली बघा.”

त्यांच्या ओठावर चुन्याचा कण होता. मी धावत माळ्यावर गेलो. सोनामुखीने तिथे आपलं काम चोख बजावलं होतं. कबूतर एकही नव्हतं.

“ओ एल्डरटन!” शेजारचा विणकर पिनफोल्ड खिडकीतून ओरडला. “तुमची पाखरं आलीत इकडे! माझ्या वाळत घातलेल्या रेशमाची काय दशा केलीय बघा!”

“अहो, परत पाठवा ना!”

“दार उघडंच आहे. त्यांना यायचं असेल तर येतील की!”

आली नाहीत. डॉर्कसला खरं सांगावं, तर तिने मलाच कणकेत भरलं असतं. गुपचूप रोज सकाळी मावशींसाठी नवं मडकं भरू लागलो.

गुरुवारी मावशी आपल्या पेटीवर बसल्या त्या बसल्याच. “मला इथून हलावंसंच वाटत नाही गं, डॉर्कस. नॉरिचला हे औषध कोण देणार?”

शनिवारी त्यांची धाकटी बहीणही पेटी घेऊन आली. पुस्तक खोटं बोलत नव्हतं.

“आता यांना झोपवायचं कुठे?” मी विचारलं.

“आपल्या खोलीत, माझ्याजवळ,” डॉर्कस म्हणाली. “माळा रिकामाच आहे. तुम्ही वर जा.”

तेव्हापासून मी माळ्यावर असतो. कधीमधी ड्यूक खिडकीत येतो, मला आत बघून गळा फुगवतो आणि पिनफोल्डकडे निघून जातो.