करंगळीचा गियर

आमचे शेजारी बापू जाधव यंदा बरेच आठवडे करंगळी वर करून रत्नागिरीत फिरत होते. एसटी स्टँडवर एका कंडक्टरने त्यांना आदबीने शौचालयाची दिशा दाखवली. बापू म्हणाले, "तसं काय नाय ओ. आत तार हाय."

तार खरीच होती. मिरजोळ्यात पोरांच्या क्रिकेटमध्ये बापू न बोलावता अंपायर होतात. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला त्यांनी हात घातला आणि झेल घेतला. अंपायरने झेल घेतल्यावर फलंदाज बाद की नाही, यावर वाद रंगला. करंगळी उलटी वळल्याचं त्यानंतर लक्षात आलं.

बापू एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मिक्सर, सरपंच, लांबलेला पाऊस, सगळ्यांवर त्यांचं निदान एकच: "गियर अडकलाय."

दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडून मधला सांधा निखळलाय. तार घालून जागेवर धरू. पण बोट थोडं ताठ राहील. करंगळीच आहे, चालेल ना?"

"नाय चालणार. वाकली पाहिजे."

"तबला वाजवता?"

"नाय."

"मग?"

"वाकली पाहिजे, बस."

तार निघाली तेव्हा करंगळी खांबासारखी ताठ होती. व्यायामासाठी मिळालेला मऊ चेंडू बापूंनी पोरांना देऊन टाकला. खिडकीच्या गजाला काथ्याचे तीन पेड बांधले आणि दिवसभर ते विणत, सोडत बसले.

"बापू, दोऱ्यांचा धंदा काढलात?" मी विचारलं.

"गियर टाकतोय."

दारात बसलेल्या त्यांच्या पत्नी शालनकाकू हसल्या. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही. एरवी चापूनचोपून बांधलेले त्यांचे केस हल्ली सुटलेले दिसत. कुणी विचारलं तर म्हणत, "उकडतं हो. सैलच बरे."

परवा सकाळी पेपर परत करायला गेलो. दार उघडं होतं. काकू स्टुलावर बसलेल्या, बापू मागे उभे, दातांत कंगवा. दोन पेड बोटांत, तिसरा करंगळीत. तो निसटला. बापूंनी पुन्हा धरला. करंगळी हळूहळू वाकली.

"पडला काय गियर?" काकूंनी विचारलं.

"पडला. बघ, कशी झालीय?"

काकूंनी डाव्या हाताने वेणी चाचपली. "घट्ट झाली. डोकं ओढतंय."

बापूंनी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.